उजेड कुठे पडतो ते बघा: गाडीचे दिवे लावायची, उतरवायची आणि जुळवायची रीत

समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपवले की दोष बल्बवर जातो. ‘केवढा बल्ब घातलाय’ असे पुटपुटत आपण पुढे जातो. अनेकदा बल्ब कंपनीने दिलेलाच असतो. फक्त दिव्याचे तोंड दोन टक्के वर गेलेले असते, नाहीतर चालवणाऱ्याचा हात स्टिअरिंगजवळच्या दिव्यांच्या दांडीवर उशिरा पोचलेला असतो. दिवा किती प्रखर आहे यापेक्षा तो कुठे पडतो आणि कोणत्या क्षणी उतरतो, यावर रात्रीच्या रस्त्यावरची सुरक्षितता जास्त अवलंबून असते. म्हणून सुरुवात बल्बपासून न करता उजेडाच्या पल्ल्यापासून करू.

(बोलताना ‘डिपर’ हा शब्द कोणी खालच्या उजेडासाठी वापरतो, तर कोणी दिवा चमकवण्यासाठी. गोंधळ नको म्हणून इथे खालच्या उजेडाला लोअर आणि वरच्याला अप्पर म्हटले आहे.)

लोअरचा पल्ला आणि गाडी थांबण्याचे अंतर

भिंतीसमोर गाडी उभी करून लोअर लावला की उजेडाला वरून एक कड दिसते. कडेच्या खाली लख्ख, वर जवळपास अंधार. ही कड जमिनीला समांतर जात नाही, पुढे जाता जाता खाली उतरते. उताराचे सर्वसाधारण प्रमाण १ टक्का, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल तर १ टक्का उताराने कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार २ टक्के झाला तर ती ३२ मीटरवरच टेकते आणि चालवणाऱ्याला पुढचे काही दिसत नाही. उलट तो अर्ध्या टक्क्यावर आला तर पल्ला १३० मीटर होतो, पण मग प्रत्येक खड्ड्यात उजेड उडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

रस्त्याच्या आपल्या कडेला ही रेघ थोडी वर वळलेली असते. कडेने चालणारा माणूस आणि पाट्या लवकर दिसाव्यात, पण समोरच्याच्या बाजूला उजेड खालीच राहावा, म्हणून ही रचना. डावीकडून वाहतूक असलेल्या देशातल्या गाडीत रेघ डावीकडे चढते, उजवीकडून वाहतूक असलेल्या देशात उजवीकडे. एका पद्धतीच्या देशातली गाडी दुसऱ्या पद्धतीच्या देशात नेली तर तीच वळलेली रेघ थेट समोरच्यावर पडते. अशा गाडीच्या काचेवर ठरलेल्या जागी पट्टी लावावी लागते किंवा, सोय असेल तर, दिव्याची सेटिंग बदलावी लागते.

आता थांबण्याचा हिशेब. काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत रात्री २ सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी सुमारे ३१ मीटरमध्ये थांबते. ६० ला हे अंतर ५३ मीटर, ८० ला ७९ मीटर आणि १०० ला १११ मीटर होते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. लोअरच्या ६५ मीटरशी हे आकडे ताडून पाहा: ताशी ८० ने लोअरवर चालणारी गाडी स्वतःच्या उजेडात थांबू शकत नाही. शिवाय ६५ मीटरवर उजेडाची फक्त कड पोचते, पुरेसा उजेड नाही. गडद कपड्यातला माणूस लोअरवर बऱ्याचदा २५-३० मीटरवर येईपर्यंत ओळखूच येत नाही. तेवढ्या अंतरात थांबायचे तर वेग ४० च्या आसपासच हवा.

अप्पर असतो तो यासाठी. रस्त्यावर दिवे नाहीत, समोर कोणी नाही, पुढे कोणी नाही, अशा वेळी अप्पर लावणे हा चालवणाऱ्याचा हक्कच नाही, जबाबदारीसुद्धा आहे. ‘शिष्टाचार म्हणून’ रिकाम्या काळोख्या रस्त्यावरही लोअरवरच चालणारा माणूस कडेने चाललेल्या पादचाऱ्यासाठी धोकाच असतो.

अप्पर कधी उतरवायचा

दोन्ही गाड्या ताशी ८० च्या वेगात असतील तर त्या सेकंदाला ४४ मीटर जवळ येतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांचे नियम ५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १५० मीटरच्या आत अप्पर उतरवायला सांगतात. त्या वेगात हे अंतर साडेतीन सेकंदांत संपते. समोरच्याचे डोळे दिपल्यावर सावरायलाच काही सेकंद लागतात, वय जास्त असेल तर आणखी. म्हणून व्यवहारात ३०० मीटर धरा: समोरचे दोन दिवे वेगवेगळे ओळखू यायला लागले की उतरवायचे. समोरच्याने आधी उतरवावा अशी वाट बघायची नाही.

वळणावर आणि चढाच्या माथ्यावर गाडी दिसण्याआधी तिचा उजेड दिसतो, झाडांच्या पानांवर, विजेच्या तारांवर, धुळीत. तो उजेड हाच इशारा समजायचा. माथा ओलांडताना गाडीचे नाक वर असते, त्यामुळे तिथे लोअरसुद्धा क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अप्पर असेल तर विचारायलाच नको. माथ्याच्या अलीकडेच हात दांडीवर ठेवा.

समोरची गाडी अगदी बाजूला आली की अप्पर परत लावायचा. तिच्या मागे दुसरी गाडी नाही ना, एवढे बघा. गाडी जाण्याआधीच अधीरपणे अप्पर टाकणारे बरेच असतात. शेवटचा झोत नेमका काचेतून आत जातो.

दुसऱ्याच्या मागे चालतानाही लोअरच. आरशातून येणारा अप्पर समोरून येणाऱ्याइतकाच त्रास देतो आणि तो काही सेकंदांचा नसतो, मैलोन्‌मैल चालतो. ओव्हरटेक करताना पुढची गाडी बरोबरीला येईपर्यंत लोअर ठेवा, मग अप्पर. त्या क्षणी मागे पडलेल्या गाडीने आपला अप्पर उतरवायचा असतो. ही अदलाबदल नीट झाली तर ओव्हरटेक करणाऱ्याला पुढचा रस्ता सलग दिसत राहतो.

समोरचा उतरवतच नसेल तर? एकदा चमकवून आठवण द्या. तरीही उतरवला नाही तर आपला अप्पर त्याच्या डोळ्यांत मारू नका. आंधळा झालेला चालक आपल्याच दिशेने येत असतो. वेग कमी करा, नजर दिव्यांवरून काढून आपल्या कडेच्या पट्टीवर लावा आणि पट्टी धरून गाडी पुढे न्या. या क्षणी एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन गाड्यांच्या उजेडात, रस्त्याच्या मधोमध उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. समोरच्या दिव्यांची झळाळी त्याला गिळून टाकते. झळाळीच्या पलीकडे रस्ता रिकामा आहे असे कधीही धरून चालू नका.

आतल्या आरशाच्या खाली छोटी दांडी असते. ती ओढली की आरसा रात्रीच्या स्थितीत जातो आणि मागचा उजेड मंद दिसतो. बऱ्याच गाड्यांत ती वर्षानुवर्षे कोणी हलवलेली नसते. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे मात्र दूरच ठेवा. झळाळीबरोबर ते उरलेला उजेडही कापतात आणि काळ्या कपड्यातला माणूस आणखी उशिरा दिसतो. त्यापेक्षा पुढची काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा तेलकट थर काचेला आतून बसतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री प्रत्येक दिव्याभोवती त्याचे वलय होते. झिजलेले वायपर काचेवर बारीक कमानीसारख्या रेघा पाडतात, त्यांचाही परिणाम तोच.

मागे वजन टाकले की दिवे वर जातात

झळाळीचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.५ मीटर धरू. मागच्या सीटवर तीन माणसे बसली, डिकी भरली आणि गाडीची मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली. २.५ मीटरला ५ सेंटिमीटर म्हणजे २ टक्के. जो लोअर १ टक्का खाली होता तो आता १ टक्का वर चालला आहे. ६५ सेंटिमीटर उंचीच्या दिव्याची कड ५० मीटरवर ११५ सेंटिमीटर उंचीला पोचते. लहान गाडीत बसलेल्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. आपल्या चालकाला यातले काही कळत नाही. त्याला रस्ता उलट जास्त लांब दिसतो आणि ‘आज दिवे छान पडतायत’ असे वाटते.

यावर उपाय गाडीतच असतो. स्टिअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ आकड्यांची छोटी चकती असते. नेमके आकडे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात, पण सर्वसाधारण क्रम असा: पुढे एक किंवा दोघे असतील तर ०, सगळ्या सीट भरल्या तर १, सगळ्या सीट आणि सामान असेल तर २, चालक एकटा आणि डिकी जड असेल तर ३. आकडा वाढतो तसे दिवे खाली जातात. माणसे आणि सामान उतरल्यावर चकती परत ० वर आणायला विसरू नका, नाहीतर पुढचे आठ दिवस २०-३० मीटरच्या उजेडात गाडी चालवाल.

काही गाड्यांत हे काम आपोआप होते. लोअरचा प्रकाशस्रोत २००० ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचे माप) वर असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांनी आपोआप उतरणारी रचना आणि दिवे धुण्याची सोय सक्तीची केली, ती याच कारणाने. मागच्या ॲक्सलजवळ एक सेन्सर आणि त्याला जोडलेली बारीक दांडी असते. ती दांडी तुटली किंवा वाकली तर दिवे एकाच जागी अडकतात. सस्पेन्शनचे काम करून आणल्यावर दिवे अचानक वर किंवा खाली गेले असतील तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

दुचाकीवर हाच हिशेब आणखी कडक होतो. चाकांमधले अंतर सुमारे १.३ मीटर. मागे माणूस बसून मागची बाजू ४ सेंटिमीटर दबली तर उजेड ३ टक्के वर. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा वाढवणे हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर दिव्याचा बोल्ट ढिला करून त्याचे तोंड थोडे खाली करा.

दिवे जुळवायची कृती

गॅरेजमध्ये यासाठी मशीन असते आणि ती सर्वांत बरी. ती नसेल तर एक सपाट जागा, एक भिंत, टेप आणि पेचकस एवढ्यावर काम भागते. वेळ अर्धा तास, अंधार पडायला लागल्यावर.

१. टायरमधली हवा नेमून दिलेल्या दाबाला आणा. डिकी रिकामी करा, टाकी निम्मी असू द्या, चालकाच्या सीटवर एक माणूस बसवा. दिवे खाली-वर करणारी चकती ० वर. गाडीचे चारी कोपरे एक-दोनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात.

२. गाडी भिंतीला अगदी लागून उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्यभागासमोर भिंतीवर टेपने खूण करा. बहुतेक दिव्यांच्या काचेवर मध्य दाखवणारा बारीक ठिपका असतो. दोन्ही खुणांतून एक आडवी रेघ आणि प्रत्येक खुणेतून एक उभी रेघ काढा.

३. गाडी सरळ मागे १० मीटर न्या. जमीन सपाट हवी. १० मीटरमध्ये ५ सेंटिमीटरचा ढाळसुद्धा अर्ध्या टक्क्याची चूक करतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जागा कमी असेल तर ५ मीटरवर करा, पण मग पुढचे मापही निम्मे होईल.

४. आडव्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी आडवी रेघ काढा. लोअरची कड या रेघेवर यायला हवी. दिव्यावर ‘१%’, ‘१.२%’ असा आकडा छापलेला असेल तर त्याप्रमाणे १० किंवा १२ सेंटिमीटर घ्या. छापील आकडा नेहमी आधी.

५. लोअर लावा आणि एक दिवा पुठ्ठ्याने झाका. पुठ्ठा थोडा अंतरावर धरा. कापड टाकू नका. प्लॅस्टिकची काच तापून तिच्यावर डाग पडतो.

६. दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा, दुसरा डावी-उजवीकडे. आधी वर-खालीचा पाव फेरा फिरवून उजेड कुठे सरकतो ते बघा. कड खालच्या रेघेवर आणा. जिथून कड वर वळते तो कोपरा त्या दिव्याच्या उभ्या रेघेवर आला पाहिजे. शेवटचा फेरा कसण्याच्या दिशेने असू द्या, म्हणजे आट्यांमधला ढिलेपणा निघून जातो.

७. दुसरा दिवा तसाच जुळवा. दोन्ही उघडून एकदा एकत्र बघा.

कड नीट दिसतच नसेल, उजेड फिसकटलेला असेल, तर स्क्रू फिरवत बसू नका. बल्ब वाकडा बसला आहे, रिफ्लेक्टर काळवंडला आहे किंवा बल्ब त्या दिव्यासाठी बनलेलाच नाही. आधी ते दुरुस्त करा.

बल्ब, व्होल्टेज आणि काच

एच४ या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात: ५५ वॅटची लोअरची आणि ६० वॅटची अप्परची. लोअरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते आणि त्यातूनच भिंतीवरची कड तयार होते. मिलिमीटरच्या अंशाने जागा हलली तरी कड बिघडते. बल्बच्या तीन पाकळ्यांपैकी एक रुंद असते, ती आपल्याच खाचेत बसली पाहिजे.

हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब कोंबला की काय होते हे यावरून कळावे. चिप तारेच्या आकाराची नसते आणि तारेच्या जागी नसते. रिफ्लेक्टर मात्र तारेसाठीच घडवलेला असतो. उजेड वाढल्यासारखा दिसतो कारण गाडीच्या नाकापुढचे १०-१५ मीटर लख्ख होतात. लांबचा उजेड मात्र अनेकदा घटतो आणि उरलेला कडेच्या वर उसळतो. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. झेनॉनच्या किटचेही तेच, शिवाय तो पेटताना २० हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, त्यामुळे चालू स्थितीत त्याच्या वायरींना हात नको. गाडीसोबत आलेला एलईडी दिवा वेगळा. त्याचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच बनलेली असते. निळ्या थराचे ‘सुपर व्हाइट’ हॅलोजन बल्ब तर उजेडाचाच काही भाग थरात अडवतात. पांढरे दिसते म्हणून जास्त दिसते असे नाही.

खरोखर उजेड कमी वाटत असेल तर बल्ब बदलण्याआधी मल्टिमीटर काढा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो: व्होल्टेज ५ टक्के घसरले तर उजेड सुमारे १६ टक्के कमी, १० टक्के घसरले तर ३० टक्के कमी. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून आधी बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग बल्बच्या सॉकेटवर, बल्ब जोडलेला असतानाच मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर मधे कुठेतरी चोरी होते आहे: गंजलेला अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर), जळलेला सॉकेट, बारीक वायर किंवा सगळा करंट स्विचमधून नेणारी जुनी जोडणी. अर्थ खरवडून घट्ट करा, तपकिरी पडलेला किंवा वितळलेला सॉकेट बदला, रिले (मोठा करंट स्विचमधून न नेता चालू-बंद करणारा भाग) नसेल तर बसवून घ्या. सॉकेट न बदलता जास्त वॅटचा बल्ब टाकला तर वितळण्याचे काम तेवढे लवकर होते.

बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल तापून तिथेच काच कमजोर होते. आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच. हॅलोजन जुना होता होता मंद होतो आणि एक नवा, एक जुना अशी जोडी विचित्र दिसते.

पिवळी पडलेली दिव्याची काच खरे तर पॉलिकार्बोनेट असते. उन्हाने तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि खाली धुके धरते. उजेड कमी होतोच, शिवाय तो विखुरतो. भोवतीच्या रंगावर टेप लावा, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी टाकत घासा, मग १५००, २०००, ३०००. प्रत्येक पायरीवर आधीच्या रेघा जाईपर्यंत थांबा. शेवटी पॉलिश आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक कोट. टूथपेस्टने चमक येते, पण कोट नसेल तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे. धुके आतून असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. थंडीत आत हलकी वाफ धरून दिवा तापल्यावर निघून गेली तर ठीक. थेंब साचून राहत असतील तर सील गेले आहे.

दिसण्यासाठीचे दिवे: संधिप्रकाश, पाऊस, धुके

सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात ‘मला तर दिसतंय’ हा विचार घात करतो. त्या वेळी हेडलाइट रस्त्यासाठी नसतो, इतरांना आपण दिसावे म्हणून असतो. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसासुद्धा दिवे सक्तीचे केले आणि युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना दिवसाचे दिवे म्हणजे डीआरएल आले. पण या डीआरएलने एक नवी गफलत आणली. ते फक्त पुढे लागतात. बऱ्याच गाड्यांत मागे काहीच लागत नाही. डॅशबोर्डही आता कायम उजळलेला असतो. परिणामी काळोखात मागून पूर्ण अदृश्य असलेली गाडी चालवणाऱ्याला स्वतःला पत्ताच नसतो. डॅशबोर्डवर लोअरची हिरवी खूण दिसते का, एवढे बघायची सवय लावा.

‘ऑटो’वर ठेवलेला स्विच आकाशाचा उजेड मोजतो, पाऊस किंवा धुके मोजत नाही. भर दुपारच्या धुक्यात सेन्सरला भरपूर उजेड मिळतो आणि दिवे बंद राहतात. वायपर लावला की हातानेच लोअर लावा.

धुक्यात अप्पर म्हणजे आपल्याच समोर पांढरी भिंत; पाण्याचे कण उजेड परत डोळ्यांत फेकतात. लोअर आणि पुढचे फॉग लॅम्प लावा. फॉग लॅम्प खाली बसवलेले आणि आडवे पसरणारे असतात, म्हणून कडेची पट्टी दिसते. लांबचे दाखवणे हे त्यांचे कामच नाही. स्वच्छ हवेत ते लावून फिरणे म्हणजे ओल्या रस्त्यावरून परावर्तन वाढवणे.

मागचा फॉग लॅम्प जवळपास ब्रेक लाइटइतका प्रखर असतो. तो कधी लावायचा याचे नियम कडक आहेत: जर्मनीत धुक्यात दृश्यमानता ५० मीटरखाली आली तरच, ब्रिटनमध्ये साधारण १०० मीटरखाली. धुके विरळ झाले, मागे गाडी येऊन पोचली, की बंद करा. त्याच्या झगमगाटात शेजारचा ब्रेक लाइट मिसळून जातो.

ब्रेक लाइट आणि इंडिकेटर

मागच्या बऱ्याच बल्बमध्ये ५ वॅट आणि २१ वॅटच्या दोन तारा असतात: ५ ची टेल लॅम्पसाठी, २१ ची ब्रेकसाठी. बल्बच्या दोन खिळ्या मुद्दाम वेगळ्या उंचीवर असतात. जबरदस्तीने उलटा बसवला की टेल लॅम्प ब्रेकसारखा पेटतो आणि ब्रेक दाबल्यावर उलट मंद होतो. मागच्याला आपण थांबतो आहोत हे कळायला मार्गच राहत नाही.

तारेचा बल्ब पूर्ण तापायला एलईडीपेक्षा साधारण ०.२ सेकंद जास्त घेतो. ताशी १०० ला हे साडेपाच मीटर. मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट, जो अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून प्रवासी गाड्यांना सक्तीचा झाला, तो पुढच्या गाडीच्या काचांतून पलीकडेही दिसतो. त्यावर सामान, टॉवेल, खेळणी ठेवू नका.

गिअर उतरवून वेग कमी केला तर ब्रेक लाइट लागत नाही. मागे कोणी असेल तर पेडलला हलका स्पर्श करून मागच्याला सांगा. विजेच्या गाडीत पाय उचलल्यावर गाडी जोरात मंदावते तेव्हा दिवे आपोआप लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात ही मर्यादा १.३ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन अशी आहे. त्याहून हलक्या मंदनाला ते लागतीलच असे नाही.

इंडिकेटरची चूक बहुतेक वेळा क्रमाची असते: आधी ब्रेक, मग वळण आणि मग इंडिकेटर. मागच्याला तोवर कारण कळलेलेच नसते. आरसा, इंडिकेटर, मग ब्रेक. निदान ३ सेकंद आधी. ताशी ६० ला ५० मीटर. आणि इंडिकेटर दिला म्हणजे जागा मिळाली असे नाही. अगदी उथळ वळणानंतर तो आपोआप बंद होत नाही; दुचाकीवर तर बरेचदा तशी सोयच नसते. विसरलेला इंडिकेटर न दिलेल्यापेक्षा वाईट, कारण कोणीतरी त्यावर विश्वास ठेवून पुढे येतो.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. एका बाजूला अचानक दुप्पट वेगाने टिकटिकायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. एका बाजूचा इंडिकेटर दिल्यावर टेल लॅम्पही त्याच ठेक्यावर हलत असेल तर बल्ब ठीक आहे, त्या दिव्याचा अर्थ सुटला आहे. फक्त बल्ब बदलून हा दोष जात नाही.

अप्पर चमकवण्याची एकच भाषा नाही. कोणी ‘तुम्ही जा’ म्हणून चमकवतो, कोणी ‘मी येतोय, थांबा’ म्हणून. ब्रिटनचा हायवे कोड म्हणतो की चमकवण्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच. तो अर्थ धरलात तर चूक होणार नाही. दुसऱ्याने चमकवले म्हणून रस्ता ओलांडायचा नाही. तो थांबतो आहे हे डोळ्यांनी बघायचे.

हॅझर्ड आणि बंद पडलेली गाडी

चालत्या गाडीत, पावसात, बोगद्यात हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावू नका. बऱ्याच गाड्यांत हॅझर्ड चालू असताना इंडिकेटर दिसतच नाही, आणि ज्याला गाडीची एकच बाजू दिसते त्याला हॅझर्ड हा इंडिकेटरच वाटतो. अपवाद एकच मोठा: महामार्गावर पुढे गाड्या अचानक थांबल्या आणि रांगेतले शेवटचे आपणच असलो, तर मागचा वेग कमी करेपर्यंत हॅझर्ड.

गाडी बंद पडली तर हॅझर्ड, पार्किंग लाइट आणि इशाऱ्याचा लाल त्रिकोण. त्रिकोण साध्या रस्त्यावर मागे ५० मीटर, महामार्गावर १०० मीटरच्या वर. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. नेताना तो छातीसमोर धरून वाहतुकीकडे तोंड करून चाला. चार २१ वॅटचे बल्ब निम्मा वेळ पेटतात, म्हणजे सरासरी ४२ वॅट, साडेतीन अँपिअर. चांगली ४० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर अकरा तास, प्रत्यक्षात बरीच कमी टिकते. हेडलाइट बंद ठेवलात तरच. तो दहा अँपिअर एकटाच ओढतो, आणि आडव्या उभ्या गाडीचा पेटलेला हेडलाइट रस्ता कुठे आहे याबद्दल येणाऱ्याची फसगतही करतो.

आठवड्याची तपासणी

एकट्याने करायची तर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करा: लोअर, अप्पर, फॉग, दोन्ही इंडिकेटर पुढे बघता येतात. मग गाडी उलटी लावून आरशातून मागच्या भिंतीवर टेल, ब्रेक, रिव्हर्स बघा. भिंतीवरच्या दोन्ही लाल ठिपक्यांचा उजेड सारखा हवा, आणि पेडल दाबल्यावर दोन्ही एकदम उजळले पाहिजेत. पेडल सोडल्यावर ब्रेक लाइट विझतो का तेही बघा. पेडलवरचा स्विच अडकला तर तो रात्रभर पेटून सकाळी बॅटरी संपवतो. शेवटी एक ओले फडके सहा दिव्यांवरून आणि मागच्या लाल रिफ्लेक्टरवरून फिरवा. रिफ्लेक्टरला बल्ब नसतो, वायर नसते, बंद पडलेल्या गाडीतही तो काम करतो. त्याला फक्त स्वच्छ काच लागते.